गाव वाढतंय, वाटा तुटतायत: कोकणातल्या शहरांचे नवे रस्ते एकमेकांना का मिळत नाहीत?

पाऊलवाट (धागाकर्ता)

खड्डे, रुंदीकरण, पार्किंग यावर इथे पुष्कळ धागे आहेत. रस्ते एकमेकांना मिळतात की नाही, यावर एकही सापडला नाही म्हणून हा काढतोय. आपली शहरं वाढतायत, दरवर्षी नव्या रस्त्यांवर डांबर पडतंय, तरीही चालत शेजारच्या वस्तीत जायचं तर मोठा वळसा पडतो. खड्डा बुजवता येतो, अरुंद रस्ता कधीतरी रुंद होतो, पण जे दोन रस्ते कधी जोडलेच गेले नाहीत ते घरं उभी राहिल्यावर जोडणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून हे मला सगळ्यात निकडीचं वाटतं.

रत्नागिरीचं उदाहरण घेतो. टिळक आळी, राम आळी, खालची आळी हा जुना भाग नकाशावर उघडून बघा. आळीला आळी मिळते, मध्ये बोळ आहेत, चढ आला की पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, आहे. कुठे मांडव पडला किंवा खोदकाम निघालं तरी माणूस बाजूने निघून जातो. आता नजर वर सरकवा. जयस्तंभ, माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव. शहर सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, चढलं ते या एका रस्त्याला धरून. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, स्टेशन कुवारबावच्या बाजूला आलं आणि ती ओढ वाढली. या रस्त्यापासून आत गेलेले नवे लेआउट बघितले की आकार फणीसारखा दिसतो. मुख्य रस्ता हा फणीचा पाठीचा भाग, आणि त्याला लागून एकेक दात. प्रत्येक दात शेवटी एका भिंतीपाशी संपतो. भिंतीच्या पलीकडे दुसऱ्या लेआउटची भिंत.

थोडा हिशेब करू. समजा दोन शेजारचे बंद रस्ते 200 मीटर लांब आहेत आणि मुख्य रस्त्यावर त्यांच्यात 60 मीटरचं अंतर आहे. शेवटच्या दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागून आहेत. या घरातून त्या घरात जायचं तर 200 अधिक 60 अधिक 200, म्हणजे 460 मीटर, आणि त्यातले 60 मीटर भर रहदारीतून. म्हातारं माणूस हे चालत नाही, लहान मुलाला कोणी सोडत नाही. मग स्कूटर निघते. मुख्य रस्त्यावरची गर्दी बाहेरगावच्या गाड्यांची असते असं आपण धरून चालतो. त्यात आपल्याच अशा किती फेऱ्या आहेत, हे कोणी बघत नाही.

जोडणी मोजायची एक सोपी रीत आहे. नकाशावरचे सगळे चौक आणि बंद टोकं मोजायची, हे झाले बिंदू. दोन बिंदूंमधले रस्त्याचे तुकडे मोजायचे. तुकड्यांना बिंदूंनी भागायचं. आठ दातांच्या फणीत आठ तिठे आणि आठ बंद टोकं, म्हणजे 16 बिंदू. तुकडे 15 (मुख्य रस्त्यावरचे 7, आतले 8). भागाकार 0.94. अमेरिकेतल्या अनेक गावांच्या नियमांत नव्या वस्तीसाठी हा आकडा किमान 1.4 असावा असं धरतात. आता फणीची आठही टोकं लहान लहान पाखाड्यांनी एकमेकांना जोडा. फक्त 7 पाखाड्या. तुकडे 22 होतात, बिंदू 16 च राहतात, आणि भागाकार 1.375. एकही घर पाडायचं नाही, एकही रस्ता रुंद करायचा नाही, नुसतं टोकाशी माणूस जाईल एवढं मोकळं ठेवायचं.

हे फक्त आपल्याकडे होतंय असं नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी जगभरच्या रस्त्यांचा ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन नकाशावरून अभ्यास करून 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. 1975 नंतर जगात बांधलेले रस्ते उत्तरोत्तर कमी जोडलेले होत गेले आहेत. जपान आणि दक्षिण अमेरिकेचा बराच भाग त्यात चांगला टिकून आहे. आग्नेय आशियात कुंपणबंद वसाहतींमुळे घसरण मोठी आहे. खुद्द अमेरिकेत, जिथून या बंद गल्ल्यांचं खूळ जगभर गेलं, तिथे 1990 च्या दशकानंतर नवे रस्ते पुन्हा जास्त जोडले जाऊ लागले. म्हणजे दिशा बदलता येते. पण जे आधी तुटकं बांधलं गेलं ते तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वस्ती 1929 मध्ये वसली. तिथे गाड्यांचे रस्ते मुद्दाम बंद ठेवले होते, पण घरांच्या मागच्या बाजूने पायवाटा होत्या आणि त्या बागेतून सलग पुढे जात. पुढे ज्यांनी नक्कल केली त्यांनी बंद रस्ते तेवढे उचलले आणि पायवाटा सोडून दिल्या. हॉलंडमधल्या हाउटन गावात एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यावर यावं लागतं. सायकल आणि पायी माणूस मात्र आतून सरळ जातो. गाडीला बंद, पायाला उघडं. कोकणात हे शिकायला कुठे जावं लागत नाही. पाखाडी म्हणजे हेच. आपल्याकडे चढउतार आहेत, जांभ्याचे कडे आहेत, मोटारीसाठी चौकोनी जाळं इथे घालता येणारच नाही, आणि घालूही नये. पण पायाचं जाळं आपल्या वाडवडिलांनी याच उतारांवर घातलं होतं.

माझं म्हणणं एवढंच: नव्या प्रत्येक लेआउटच्या टोकाशी पायवाट सोडायला लावली पाहिजे, आणि जुनी प्रत्येक पाखाडी भिंत उभी राहण्याआधी कागदावर आली पाहिजे. तुमच्या गावात काय चाललंय ते लिहा. जमीन, मोजणी, बांधकाम यातले जाणकार असतील तर त्यांनी जरूर लिहा.

चाकरमानी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. गणपतीला गावी गेलो की दरवर्षी एखादी वाट कमी झालेली असते, हे जाणवत होतं. त्याचा असा हिशेब मांडता येतो हे माहीत नव्हतं.

आगरवाडी

गुहागरकडच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे गावाचा आकारच लांबट आहे. एक मोठा रस्ता किनाऱ्याला समांतर, वरचा पाट या वस्तीपासून खालच्या पाटापर्यंत, मध्यावर व्याडेश्वराचं देऊळ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राकडच्या अंगाला घरामागे नारळी-पोफळीची आगरं थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत. प्रत्येकाची जमीन म्हणजे रस्त्यापासून समुद्रापर्यंत गेलेली एक पट्टी. नकाशावर बघाल तर तुमची फणी इथे फार जुनी आहे.

पण पूर्वी ती फणी बंद नव्हती. मागीलदारी दोन आगरांच्या मधल्या गडग्याला, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाला, एका ठिकाणी दगड उतरवून वाट केलेली असायची. विहिरीवर, आरतीला, हळदीकुंकवाला, बाळंतिणीला बघायला, बायका मागच्या मागेच जात. मोठ्या रस्त्यावर यायची गरज पडत नसे. नऊवारी सावरत रात्री कंदील घेऊन सात-आठ घरं ओलांडून जाणाऱ्या बायका माझ्या सासूबाईंच्या बोलण्यात नेहमी असतात.

आता पट्टी विकली जाते, तिथे राहण्याची सोय होते, तारेचं कुंपण येतं, फाटक येतं. जो विकत घेतो त्याला कुणाची वाट कुठून होती हे ठाऊक नसतं, आणि विकणारा सांगत नाही. एक पट्टी बंद झाली की तिच्या दोन्ही बाजूंची ये-जा तुटते. वाईट हे की मधली एकच बंद झाली तरी सगळी साखळी जाते. सासूबाईंना आता मैत्रिणीकडे जायला मोठ्या रस्त्याने जावं लागतं, आणि डिसेंबरात शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर काय गाड्या असतात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी जाणंच सोडलं आहे. या वयात हे नुकसान पैशात मोजता येत नाही.

समुद्रावर उतरायच्या वाटांचंही तेच. पुळण सगळ्यांची, पण तिथवर पोचायची वाट कोणाच्या तरी पट्टीतून जाते.

सड्यावरचा

पाऊलवाट, तुमचा हिशेब पटला. पण दुसरी बाजू मांडतो. मी लेआउटमध्ये घर बांधलं ते रस्ता पुढे बंद आहे म्हणूनच. मुलं रस्त्यावर खेळतात. अनोळखी माणूस आला तर लगेच कळतं. टोकाला वाट काढली की आधी माणसं येतील, मग मोटरसायकली येतील, रात्री दारू प्यायला बसणारे येतील. शेजारच्या लेआउटमध्ये कुंपण पडलं होतं तिथून असंच सुरू झालं. शांतता मिळावी म्हणून पैसे मोजले आहेत, ती का सोडायची?

पाऊलवाट

सड्यावरचा, तुमची काळजी खरी आहे आणि ती बाजूला सारून चालणार नाही. मोटरसायकल अडवायची असेल तर तोंडाशी तीन पायऱ्या पुरतात, किंवा वाटेच्या मध्यावर जांभ्याचा एक चिरा उभा. आपल्या पाखाड्यांवर मोटरसायकली जात नाहीत त्या पायऱ्यांमुळेच. दारू पिणारे बसतात ते पडक्या कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे दिवा नाही आणि कोणी जात-येत नाही. शाळेची मुलं, दूधवाला, देवळात जाणारी माणसं जिथून सतत जातात तिथे बसणारा बसत नाही. वाट सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसणारी आणि दिवा असलेली हवी. दोन उंच भिंतींमधला वाकडा बोळ मलाही नको आहे.

मुलं रस्त्यावर खेळतात ती गाड्या आरपार जात नाहीत म्हणून. ते तसंच राहील. वाट पायी माणसाची आहे.

मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. चर्चा वाचून राहवलं नाही.

हे असं का होतं ते जमिनीच्या कागदावरून समजतं. कोकणात धारणा लहान. एका सर्व्हे नंबरचे हिस्से, हिस्स्यांचे पोटहिस्से, आणि सातबारावर दहा-पंधरा सामाईक नावं. वाटणी करताना प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं, म्हणून जमीन नेहमी उभी चिरली जाते. पिढ्यान्पिढ्या पट्ट्या अरुंद होत जातात, लांबी तेवढीच राहते. पुढे एखादी पट्टी बिगरशेती होते, तिच्यात मधोमध रस्ता निघतो, तो पट्टीच्या शेवटाला संपतो. बाजूची पट्टी दहा वर्षांनी दुसरा कोणी घेतो, त्याचा स्वतंत्र रस्ता. दोघांच्या मंजुरीच्या फायली वेगळ्या, त्या कधी एका टेबलावर शेजारी ठेवल्या जात नाहीत. फणी तयार होते ती अशी.

दुसरं कारण हद्दीचं. शहर वाढतं ते नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. रत्नागिरीचंच बघा, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे इथे ग्रामपंचायती आहेत. शहराचा विकास आराखडा हद्दीपाशी थांबतो. बाहेर प्रादेशिक योजना असते, तिच्यात मोठे रस्ते दाखवलेले असतात, आतली वीण कोणी आखलेली नसते. जिथे वाढ सगळ्यात जोरात, तिथेच आखणी सगळ्यात विरळ.

यावर नगररचना योजना हा उपाय कायद्यात आहे. मुंबई प्रांतात 1915 च्या कायद्यापासून, आणि आता 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आखायचे, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण नीट आकाराचा भूखंड परत द्यायचा. मुंबई आणि पुण्याचे काही चांगले भाग असेच झाले. पण सामाईक सातबारे आणि मुंबईत राहणारे हिस्सेदार बघता कोकणातल्या लहान गावात हे जुळवून आणणं फार कष्टाचं आहे. म्हणून पाऊलवाट म्हणतात तो टोकाच्या वाटेचा मार्ग मला जास्त व्यवहार्य वाटतो.

जुन्या वाटांबद्दल सविस्तर उद्या लिहितो.

मालवणी मुलूख

आमच्या वाडीत व्हाळार साकव, म्हणजे ओढ्यावरचो लहान पूल, आसा. गाडी थयसून जाना नाय, पण शाळेतली पोरा, दूधवालो, बाजारात जाणारी बायलमाणसा, सगळी थयसूनच जातत. मोठो पूल लांब पडता. मागच्या पावसात साकवाची एक बाजू खचली तेवा कळला, अर्धी वाडी त्या साकवार चलता. आता थय लोखंडी साकव झालो. त्येका खर्च मोठ्या पुलाच्या मानान कायच नाय.

आणि आणखी एक सांगतंय. शिमग्याक देवाची पालखी ज्या वाटेन घरोघर जाता ती वाट कोणाच्यान बंद करूक जाना नाय. नवीन घर बांधणारो पण पालखीक जागा सोडता. ज्या वाटेन पालखी जाना नाय, ती वाट पयली जाता.

नकाशेवेडा

मालवणी मुलूख, पालखीचा मुद्दा फार मोलाचा आहे. म्हणजे पालखीचा मार्ग हा गावाच्या जुन्या जोडणीचा जिवंत पुरावा झाला. तो वर्षातून एकदा पायी चालून तपासला जातो आणि सगळं गाव साक्षीला असतं. गणपती विसर्जनाची वाट आणि स्मशानाची वाट यांचंही असंच असावं. या तीन वाटा आधी नकाशावर घ्याव्यात असं सुचवतो.

कुडाळकर बिल्डर

बांधकाम व्यवसायात आहे, स्पष्ट लिहितो. टोकाला वाट न सोडण्यात आमचा दुष्टपणा नाही. गिऱ्हाईक विचारतं, पुढे रस्ता बंद आहे ना? कंपाउंड पूर्ण आहे ना? टोकाचा प्लॉट शांत म्हणून आधी जातो. मी एकट्याने दोन मीटरची वाट सोडली आणि शेजारच्याने सोडली नाही, तर माझी जागा गेली आणि वाट भिंतीवर जाऊन आपटली. मंजुरीच्या नकाशातच सगळ्यांना सक्ती असेल तर कोणाची तक्रार राहणार नाही. जागा तशी किती जाते? लेआउटमध्ये 9 मीटरचा रस्ता आम्ही सोडतोच. त्यापुढे शेवटच्या दोन प्लॉटच्या मधून दोन मीटरची पट्टी म्हणजे पंधरा मीटर लांबीला 30 चौरस मीटर. एका गुंठ्याच्या तिसऱ्या भागाहून कमी.

अडचण वेगळी आहे. सड्याच्या कडेला दोन शेजारच्या लेआउटच्या पातळीत माणूसभर, कधी त्याहून जास्त फरक असतो, कारण प्रत्येकाने आपापल्या सोयीने जांभा कापलेला असतो. मग मध्ये संरक्षक भिंत येते. पायऱ्या करायच्या तर कापणी करायच्या आधी ठरलं पाहिजे. नंतर तो खर्च कोणी करत नाही.

पाण्याचंही बघा. जुनी पाखाडी आणि तिच्या बाजूचा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, ही जोडी असते. वाट बंद करताना सिमेंटची भिंत येते, पऱ्या पण अडतो, आणि जुलैमध्ये वरच्या माणसाच्या अंगणात पाणी. गडग्यातून पाणी झिरपून जात असे, भिंतीतून जात नाही.

सड्यावरचा

पाणी आमच्याकडेही साचतं, टोकाच्या भिंतीपाशीच. तो पऱ्या कुठे गेला हे आता विचारायला हवं.

महामार्गाच्या पलीकडे

लेआउटपेक्षा मोठी भिंत आमच्या गावातून गेली आहे. चौपदरीकरण झालं, मध्ये दुभाजक आला. गाव दोन्ही अंगांना होतं. शाळा, देऊळ पश्चिमेला, अर्धी घरं आणि शेती पूर्वेला. पूर्वी दोन्हीकडे बघून ओलांडायचो. आता खालून जाणारा मार्ग आहे तो दूर, पावसात त्यात पाणी उभं राहतं. माणसं दुभाजकावरून उड्या मारतात, म्हातारी माणसंसुद्धा. महामार्गाने मुंबई आणि गोवा जवळ आणले याचा आनंद आहे. पण दोन जिल्ह्यांमधली जोडणी वाढताना एका गावातली जोडणी तुटली, हे आखणी करताना कोणीतरी मोजायला हवं होतं.

राजापूरवाली

पुराचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे अर्जुना आणि कोदवली या नद्यांचं पाणी जवाहर चौकात येतं, हे नवीन नाही. बाजारपेठ खाली, घरं उतारावर. पाणी चढायला लागलं की दुकानातला माल आणि माणसं वर न्यायला पाखाड्याच कामाला येतात, मुख्य रस्त्यावर तर पाणीच असतं. वर जाणाऱ्या वाटा अनेक असल्या तर माणसं वेगवेगळ्या अंगांनी निघू शकतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळुणात काय केलं ते सगळ्यांनी बघितलं आहे. जिथे वस्तीला बाहेर पडायला एकच तोंड, आणि ते तोंड सखल भागात, तिथे नवीन बांधकामाला मंजुरी देताना दुसरी, उंचावर निघणारी पायवाट सक्तीची हवी. हा जिवाचा प्रश्न आहे.

पाऊलवाट

राजापूरवाली, हे मुख्य लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. त्या हिशेबात बघा, फणीत कुठलाही एक तुकडा तुटला की त्याच्या पलीकडची घरं पूर्ण तुटतात, दुसरी वाटच नसते. टोकं जोडली की मधला कुठलाही एक तुकडा तुटला तरी प्रत्येक घराला बाहेर पडायला वाट राहते. झाड पडलं, दरड आली, पाणी भरलं, तरी. आपल्या पावसात हा फरक दरवर्षी कामाला येणार आहे.

मोजणीदार

जुन्या वाटांच्या कागदांबद्दल लिहितो म्हणालो होतो.

पहिली गोष्ट, गाव नकाशा. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. तुमची वाट तिथे असेल तर तुमची बाजू भक्कम. नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. शहरातल्या जुन्या भागाची नगर भूमापनाची मोजणी झालेली असेल तर बोळ आणि पाखाड्या त्या नकाशात आहेत का ते बघा.

दुसरी, ग्रामपंचायतीचा नमुना 23, म्हणजे पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. लोक बोलताना नुसतं तेवीस नंबर म्हणतात. पाखाडी सार्वजनिक पैशाने बांधली असेल, दिवाबत्ती असेल, तर ती तिथे हवी. पुष्कळ ठिकाणी पाखाडी बांधल्याचा खर्च दप्तरात असतो आणि तेवीस नंबरला नोंद नसते.

तिसरी, नकाशातही नाही आणि नोंदवहीतही नाही अशी वहिवाट. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता 20 वर्षं वापर असेल तर हक्क सांगता येतो. पण अडवणूक झाल्यावर गप्प बसू नका, दोन वर्षांच्या आत दिवाणी दावा गेला पाहिजे. शेतजमिनीकडे किंवा बागेकडे जाणारी वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, तिथे मुदत सहा महिन्यांची. शेताला वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143.

आता आगरवाडीताईंच्या गोष्टीतली खरी अडचण. मागच्या दारची वाट ही शेजारधर्माने दिलेली असे. कायद्याच्या भाषेत ती परवानगी झाली, आणि परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं झाला तरी त्यातून हक्क निर्माण होत नाही. शेजाऱ्याने चांगुलपणाने दिलेली वाट त्याच्या मुलाने विकली की संपली. म्हणून ज्यांचे संबंध आज चांगले आहेत त्यांनी आजच लेखी करून ठेवावं. दोन्ही बाजूंच्या संमतीने वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्ताने देता येतो आणि सातबाराच्या इतर हक्कात त्याची नोंद घेता येते. म्हणजे पुढचा खरेदीदार आधीच बघतो.

आगरवाडी

मोजणीदार काका, मनापासून आभार. इतर हक्कात नोंद करता येते हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. आमच्या एका बाजूची वाट अजून उघडी आहे आणि ते कुटुंब आपलं आहे. सासूबाईंच्या समोरच हे बोलणं करून घेते, कारण दोन्ही घरांना त्यांचा मान आहे.

चाकरमानी

काका, हिस्सेदार मुंबईत, एक दुबईत असेल तर संमती कशी घ्यायची?

मोजणीदार

कुलमुखत्यारपत्र करून घ्या. सगळे गणपतीला किंवा शिमग्याला एकत्र येतात, तेव्हाच दुय्यम निबंधकांकडे जायचा दिवस ठरवा.

नकाशेवेडा

माझ्याकडून करण्यासारखं एक काम. ओपनस्ट्रीटमॅपवर कोकणातल्या मोटाररस्त्यांची नोंद बरी आहे, पाखाड्या आणि साकव फार थोडे आहेत. नोंद कोणीही करू शकतं, फुकट खातं काढायचं. पायवाट आणि पायऱ्या असे दोन वेगळे प्रकार निवडता येतात, साकवासाठी पूल अशी खूण करता येते. फोनवर मार्ग नोंदवत एकदा वाट चालायची आणि नंतर ती रेघ नकाशावर उमटवायची. ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला तो याच नकाशावर बेतलेला होता. आपण पाखाड्या घातल्या नाहीत तर उद्या कोणी मोजलं तरी आपली गावं आहेत त्यापेक्षा तुटकी दिसतील, आणि गेलेली वाट गेली हे दाखवायला काही उरणार नाही.

खाजगी अंगणातली वाट सार्वजनिक म्हणून घालू नका, ती मालकाच्या परवानगीची आहे अशी खूण तिथे करता येते. भांडणं नकोत.

कुडाळकर बिल्डर

पाऊलवाट, सक्तीच्या नियमाचा मसुदा करणार असाल तर तीन गोष्टी घाला. वाट शेवटच्या दोन प्लॉटच्या मधूनच असावी, एका प्लॉटच्या आतून नको, नाहीतर मालक पुढे बंद करतो. तिची शेजारच्या जमिनीच्या बाजूची पातळी मंजुरीच्या नकाशात लिहिलेली असावी. आणि लेआउटचा रस्ता पंचायतीकडे वर्ग होतो तेव्हा ही वाटसुद्धा त्याच दस्तात वर्ग व्हावी. शेवटचं राहिलं तर बाकीचं सगळं वाया जाईल.

पाऊलवाट

तिन्ही घेतो. मसुदा याच धाग्यावर टाकतो, सगळ्यांनी तपासा. सड्यावरचा, पायऱ्यांचं तोंड आणि दिवा याबद्दलचं कलम तुम्ही लिहाल का? जे तिथे राहतात त्यांनी लिहिलेलं जास्त चालेल.

सड्यावरचा

लिहितो. दिव्याचं बिल कोण भरणार तेही त्यात घालतो. आणि पऱ्याचंही.

मालवणी मुलूख

2 ऑक्टोबराच्या ग्रामसभेत तेवीस नंबरचा रजिस्टर बघूक मागतंय. साकवाची नोंद नसली तर थयच ठराव घेवया. मोजणीदारांनू, ठरावाचो नमुनो हय टाकशात काय?

मोजणीदार

टाकतो. वाटेचं सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण, लांबी, रुंदी, कोणत्या सर्व्हे नंबरमधून आणि हिश्श्यांमधून जाते, आणि कधीपासून वापरात आहे, एवढं आधी लिहून काढा. साकव धरून मोजा.